दूरशिक्षणाबद्दल प्राध्यापकांचं मत कसं अजमावायचं: सीमाभागातल्या महाविद्यालयांसाठी सर्वेक्षणाची कृती

गूगल फॉर्म तयार केला, व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपवर लिंक टाकली, आठवड्यात पन्नास-साठ उत्तरं आली. मग रंगीत गोल आलेख काढले आणि ‘बहुसंख्य प्राध्यापक दूरशिक्षणाला अनुकूल’ असं लिहून अहवाल बांधून टाकला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या महाविद्यालयांतून पीएचडीचे विद्यार्थी आणि नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) तयारीतले सर-मॅडम असले अहवाल मला दाखवायला आणतात. त्यातला आकडा खोटा नसतो, पण तो भलत्याच लोकांचा असतो. मोबाइलवर फॉर्म भरायला ज्यांना कंटाळा येत नाही, त्यांनाच आपण विचारलेलं असतं, ‘मोबाइलवरून शिकवायला आवडेल का?’

दुसरी चूक याहून खोल आहे. ‘दूरशिक्षणाचे वर्ग घ्याल का?’ या प्रश्नाला एखादे सर ‘नाही’ म्हणतात, तेव्हा त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. त्यांना ते पटत नसेल, जमत नसेल किंवा परवडत नसेल. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. पटत नसेल तर चर्चा लागते, जमत नसेल तर प्रशिक्षण लागतं आणि परवडत नसेल तर मानधन आणि कार्यभाराचा (ठरलेल्या तासांचा) हिशेब लागतो. या तिन्ही गोष्टी ज्या प्रश्नावलीत एकाच घमेल्यात कालवल्या जातात, तिच्यातून काही निघत नाही. खालचे टप्पे त्यांना शेवटपर्यंत वेगळं ठेवण्यासाठी आहेत.

टप्पा १: कशाबद्दल विचारताय, ते आधी ठरवा

आपल्याकडे ‘दूरशिक्षण’ हा शब्द प्रत्येकाच्या कानात वेगळा वाजतो. कोल्हापूरला शिकलेल्या सरांना त्यातून ‘बहिःस्थ’ आठवतं: फॉर्म भरायचा, गाइड वाचायचं, परीक्षेला बसायचं. धारवाड-म्हैसूरकडे शिकलेल्यांना ‘अंचे मत्तु तेरपिन शिक्षण’, म्हणजे टपालाने येणाऱ्या धड्यांचं शिक्षण आठवतं. तरुण प्राध्यापकाला २०२० चा लॉकडाऊन आठवतो, कॅमेरे बंद करून बसलेली पोरं आणि ‘सर, आवाज येत नाही’. तिघांनी एकाच प्रश्नाला दिलेली उत्तरं एकत्र मोजायची म्हणजे शेर आणि लिटर यांची बेरीज झाली.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमावलीत मुक्त व दूरशिक्षण पद्धती आणि ऑनलाइन पद्धती यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. तुम्हीही त्या वेगळ्या ठेवा. मग कामं वेगळी करा. स्वयं-अध्ययनाचा घटक लिहून देणं, रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र (समोरासमोरचा तास) घेणं, स्वाध्याय तपासणं आणि व्हिडिओ व्याख्यान रेकॉर्ड करणं ही चार कामं आहेत. एखाद्या मॅडम घटक आनंदाने लिहितील, पण कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणार नाहीत.

फॉर्मच्या डोक्यावर चौकट करून सरळ लिहा: ‘या फॉर्ममध्ये दूरशिक्षण म्हणजे नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांना छापील किंवा डिजिटल साहित्य देऊन, अधूनमधून संपर्क सत्रं घेऊन चालवलेला पदवीचा अभ्यासक्रम. लॉकडाऊनमधले ऑनलाइन तास यात धरू नयेत.’

तपासा: ही चौकट दोन वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांना वाचायला द्या. मग कागद उलटा ठेवून ‘तुम्हाला नेमकं काय करावं लागेल?’ असं विचारा. दोघांनी दोन कामं सांगितली, तर चौकट पुन्हा लिहा.

टप्पा २: आधी यादी, मग फॉर्म

ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा, त्या सगळ्यांची यादी हातात असल्याशिवाय फॉर्मला हात लावू नका. सीमाभागात ही यादी करणंच अवघड असतं. निपाणीला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात येतं आणि शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे. निपाणीची मुलं तिथे शिकतात, पण नियम, कार्यभार आणि पगार सगळं महाराष्ट्राचं. त्याला बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयांच्या रांगेत बसवलं तर तुलना फसते. घ्यायचं तर वेगळा गट करून घ्या, नाहीतर सोडा आणि सोडल्याचं अहवालात लिहा.

यादीतून हमखास गळतात ते गेस्ट लेक्चरर, म्हणजे तात्पुरते नेमलेले. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्यांची नावं बऱ्याचदा नसतात. त्यामुळे यादी वेळापत्रकावरून करा, तासाला ज्याचं नाव असेल तो प्राध्यापक. मग गट पाडा: सरकारी महाविद्यालयातले कायम, अनुदानित संस्थेतले कायम, व्यवस्थापनाने नेमलेले विनाअनुदानित आणि गेस्ट. दूरशिक्षणाच्या मानधनाकडे कायम प्राध्यापक वेगळ्या नजरेने बघतो आणि गेस्ट वेगळ्या. हा फरक बहुतेक वेळा वयाच्या किंवा विषयाच्या फरकापेक्षा मोठा निघतो.

किती जण घ्यायचे? एकूण शंभराच्या आत असतील तर सगळ्यांना विचारा. त्यावर गेलात तर साधं सूत्र आहे: एकूण संख्येला (१ + एकूण संख्या × ०.०५ × ०.०५) ने भागा; ०.०५ म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालेल असं धरलंय. ३०० प्राध्यापक असतील तर ३०० भागिले १.७५, म्हणजे १७२ भरलेले फॉर्म हवेत. लक्षात घ्या, १७२ भरून परत आलेले. दहातले सहाच परत येतील असं धरलं तर २८७ वाटावे लागतील, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच. तेव्हा अडीचशे-तीनशेपर्यंत नमुना-बिमुना काढत बसू नका.

त्यापेक्षा मोठी यादी असेल तर प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढा. एक्सेलमध्ये प्रत्येक नावापुढे यादृच्छिक आकडा घालून क्रम लावला की झालं. ओळखीचे, फोन उचलणारे आणि बसस्टँडजवळच्या महाविद्यालयातले एवढेच घेऊन त्याला ‘यादृच्छिक नमुना’ म्हणू नये.

सावधान: गेस्ट लेक्चरर कधीकधी दोन महाविद्यालयांत तास घेतात. एकच माणूस यादीत दोनदा आला आहे का, ते वाटपाआधी बघा.

टप्पा ३: परवानगी प्राचार्यांची, वाटप तुमचं

प्राचार्यांचं परवानगीपत्र घ्या. पण फॉर्म त्यांच्या हातून किंवा त्यांच्या ग्रुपवरून जाऊ देऊ नका. हे मी ठेच खाऊन शिकलो. एका महाविद्यालयात मी शंभर फॉर्म कार्यालयात ठेवून निघून आलो. क्लार्कने ते हजेरीपटाच्या क्रमाने वाटले आणि त्याच क्रमाने फाइलला लावून परत दिले. जवळजवळ सगळे ‘पूर्ण सहमत’. एका सरांनी नंतर चहाच्या टपरीवर सांगितलं, ‘फाइल साहेबांच्या टेबलावरून गेली ना हो, मग दुसरं काय लिहिणार?’ ते शंभर फॉर्म मी बाजूला ठेवले.

संमतीच्या चार ओळी फॉर्मवरच असू द्या: कोण करतंय, कशासाठी, नाव विचारलेलं नाही, मधेच सोडायची मोकळीक आहे. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, म्हणून फोन नंबर आणि ईमेल कारणाशिवाय गोळाच करू नका. गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. ‘एकदाच भरता येईल’ ही सोय चालू केली की फॉर्म लॉगिन मागतो. तुम्हाला ईमेल दिसत नसला तरी भरणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही.

टप्पा ४: प्रश्न लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी आठवडा धरतो.

कागदावर चार रकाने आखा: पटणं, जमणं, परवडणं आणि अनुभव. लिहिलेलं प्रत्येक विधान यातल्या एकाच रकान्यात बसलं पाहिजे. दोन रकान्यांत बसत असेल तर ते फोडा. ‘दूरशिक्षण उपयुक्त आहे आणि मला ते शिकवायला जमेल’ हे विधान मी डझनभर प्रश्नावल्यांत पाहिलं आहे. उपयुक्त वाटतं पण जमत नाही अशा माणसाने कुठे खूण करायची?

पटण्याच्या रकान्यात अशी विधानं चालतात: ‘नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला दूरशिक्षणातून नियमित वर्गाइतकंच शिकता येतं.’ ‘दूरशिक्षणाच्या पदवीला नियमित पदवीइतकाच मान मिळावा.’ ‘समोरासमोर न भेटता विद्यार्थ्याची अडचण मला कळत नाही.’ शेवटचं विधान मुद्दाम उलटं आहे. या रकान्यात आठ विधानं असतील तर दोन-तीन उलटी ठेवा, म्हणजे न वाचता एकाच रांगेत खुणा करत गेलेला फॉर्म ओळखता येतो. मात्र उलटं करण्यासाठी दोन नकार एका वाक्यात घालू नका. ‘दूरशिक्षण असू नये असं मला वाटत नाही’ हे वाचून चांगला मराठीचा प्राध्यापकही गोंधळेल.

जमण्याच्या रकान्यात भावना विचारू नका, कृती विचारा. ‘मला तंत्रज्ञानाची भीती वाटते’ असं कबूल कोण करतंय? त्याऐवजी ‘दहा मिनिटांचं व्याख्यान मोबाइलवर रेकॉर्ड करून मी स्वतः पाठवू शकतो’ असं विचारा. ‘घरी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत अखंड नेटवर्क असतं’ हेही विचारा. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे राहणाऱ्याचं आणि बेळगाव शहरातल्या टिळकवाडीत राहणाऱ्याचं उत्तर एक येणार नाही, आणि तो काही वृत्तीतला फरक नाही.

परवडण्याच्या रकान्याला लोक लाजतात. पैशाबद्दल कसं विचारायचं, म्हणून गाळतात. विचारा, स्वच्छ विचारा. ‘पुढच्या सत्रात महिन्यातले दोन रविवार संपर्क सत्र घ्याल का?’ हा प्रश्न तीनदा येऊ द्या: मानधनाशिवाय, मानधन मिळालं तर, आणि मानधन नाही पण कार्यभारात तास धरले तर. या तीन उत्तरांमधल्या अंतरातून जे कळतं, ते ‘दूरशिक्षण काळाची गरज आहे’ छापाच्या वीस विधानांतून कळत नाही. (‘काळाची गरज’ हे शब्द प्रश्नावलीत घालूच नका. काळाच्या गरजेला नाही म्हणणारा प्राध्यापक अजून जन्मायचाय.)

अनुभवाच्या रकान्यात शिकवण्याचा आणि शिकण्याचा अनुभव वेगवेगळा विचारा. बऱ्याच प्राध्यापकांनी स्वतःच एखादी पदवी बाहेरून केलेली असते. कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर काम केलेल्यांना कोणत्या वर्षी केलं तेही विचारा. त्या विद्यापीठाला २०१३-१४ पासून यूजीसीची मान्यता नव्हती, ती २०१८ मध्ये परत मिळाली. मधल्या काळात ज्यांनी विद्यार्थ्यांच्या चिंता ऐकल्या, त्यांचा अविश्वास अनुभवातून आलेला आहे. ‘बदलाला विरोध’ असं लेबल त्याला लावू नका.

पर्याय पाचच ठेवा: पूर्ण सहमत (५ गुण), सहमत (४), तटस्थ (३), असहमत (२), पूर्ण असहमत (१). ‘सांगता येत नाही’ हा सहावा चौकोन बाजूला अंतर ठेवून द्या, कारण तटस्थ असणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं. विधानं पंचवीसच्या वर जाऊ नयेत. शेवटी एक मोकळा प्रश्न पुरे: ‘कोणती एक अडचण दूर झाली तर तुम्ही हे काम घ्याल?’

सावधान: वैयक्तिक माहितीचे प्रश्न जपून. स्त्री, मराठी विषय, गेस्ट, खानापूर तालुका एवढं लिहून घेतलंत की नाव लिहून घेतल्यासारखंच आहे. तालुक्याऐवजी ‘शहर / तालुक्याचं गाव / खेडं’, विषयाऐवजी ‘कला / वाणिज्य / विज्ञान’ आणि वयाऐवजी दहा-दहा वर्षांचे गट विचारा.

टप्पा ५: मराठी आणि कन्नड, दोन्ही फॉर्म तोलाचे

सीमाभागात फक्त इंग्रजी फॉर्म दिला की लोक पाठ्यपुस्तकी उत्तरं देतात. फक्त मराठी दिला तर अर्धा स्टाफरूम बाहेर राहतो, आणि फक्त कन्नड दिला तर उरलेला. दोन स्वतंत्र फॉर्म करा, शेजारी शेजारी ठेवा, ज्याला जो हवा तो उचलू द्या.

भाषांतर असं करा. मराठी फॉर्म एकाने कन्नडमध्ये न्यावा. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो कन्नड फॉर्म पुन्हा मराठीत आणावा. मग दोन्ही मराठी मजकूर समोरासमोर ठेवून तिघांनी बसावं. जिथे अर्थ सरकला असेल तिथे बहुतेक वेळा मूळ वाक्यच पुसट असतं, म्हणून दोन्ही भाषांत बदला. यंत्राचं भाषांतर पहिल्या खर्ड्यापुरतं ठीक. ‘स्वाध्याय’, ‘संपर्क सत्र’, ‘कार्यभार’ यांना स्टाफरूममध्ये जे म्हणतात तेच लिहा. असाइनमेंट म्हणत असतील तर असाइनमेंट.

‘मातृभाषा कोणती?’ हा प्रश्न शक्यतो टाळा. आपल्याकडे त्या प्रश्नाला वेगळा वास आहे, आणि तो पहिल्या पानावर दिसला की पुढचा फॉर्म सावधपणे भरला जातो. तुम्हाला हवी असते कामाची माहिती. ती ‘कोणत्या भाषेत साहित्य लिहायला सोयीचं जाईल? एकाहून जास्त चालतील’ असं विचारून मिळते.

तपासा: दोन्ही फॉर्म युनिकोडमध्ये टाइप झालेत ना? जुन्या श्रीलिपी किंवा नुडी फॉन्टमधला मजकूर गूगल फॉर्ममध्ये चिकटवला की चिन्हांची खिचडी होते.

टप्पा ६: रंगीत तालीम

अंतिम यादीत नसलेल्या पंधरा-वीस प्राध्यापकांकडून फॉर्म भरून घ्या. दोघा-तिघांजवळ बसा आणि त्यांना मोठ्याने वाचत भरायला सांगा. जिथे ते थांबतात, परत वाचतात किंवा ‘म्हणजे?’ म्हणतात, तिथे पेन्सिलीने खूण करा. बारा मिनिटांच्या वर वेळ गेला तर विधानं कमी करा. दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत फॉर्म भरून झाला नाही, तर तो बॅगेत जातो आणि बॅगेतून परत येत नाही.

एका रकान्यातली विधानं एकमेकांशी जुळतात का, हे क्रोनबाखचा अल्फा नावाच्या आकड्याने पाहतात. सॉफ्टवेअर नसलं तरी एक्सेलमध्ये निघतो. प्रत्येक विधानाचं प्रचरण (व्हेरिअन्स, म्हणजे उत्तरं किती पसरलीत ते) काढा आणि त्यांची बेरीज करा. मग प्रत्येक माणसाच्या एकूण गुणांचं प्रचरण काढा. समजा आठ विधानं आहेत, प्रचरणांची बेरीज ९.६ आली आणि एकूण गुणांचं प्रचरण २८.८. मग ९.६ भागिले २८.८ म्हणजे ०.३३. ते एकातून वजा केलं की ०.६७, आणि त्याला आठ सप्तमांशने (विधानांची संख्या भागिले त्याहून एक कमी) गुणलं की ०.७६. ०.७० च्या वर असेल तर काम चालतं. आकडा ऋण आला तर घाबरू नका, बहुधा उलट्या विधानांचे गुण उलटवायचे राहिलेत. पंधरा-वीस जणांवरचा अल्फा डळमळीत असतो, म्हणून अंतिम फॉर्म आल्यावर तो पुन्हा काढा.

अल्फा चारही रकान्यांचा मिळून काढू नका. तो पटण्याच्या रकान्यालाच लागू पडतो. नेटवर्क असणं आणि रेकॉर्डिंग येणं यांनी एकमेकांशी जुळावं अशी अपेक्षाच नसते.

टप्पा ७: वाटप

दिवस निवडताना पंचांगाआधी इथलं कॅलेंडर बघा. १ नोव्हेंबरच्या आगेमागे, एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिवस असताना, दोन भाषांचे फॉर्म घेऊन कुठल्याही स्टाफरूममध्ये शिरू नका. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं ते दिवसही टाळा. पेपर तपासणीचे दिवस आणि खानापूर तालुक्यासाठी ऐन पावसाचे जुलै-ऑगस्ट यांवरही फुली मारा. सत्र सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेले दिवस मला सगळ्यात बरे वाटतात.

कागदी फॉर्म मुख्य ठेवा, लिंक जोडीला. फॉर्मबरोबर कोरं पाकीट द्या आणि स्टाफरूममध्ये चिरेची बंद पेटी ठेवा. पेटी तुम्हीच ठेवा आणि तुम्हीच उचला. गेस्ट लेक्चरर तास संपला की निघतात, त्यांना वर्गाच्या दारात गाठावं लागतं.

आठवण तीनदा: चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि विसाव्या दिवशी. कोणी भरला हे माहीत नसतं, म्हणून आठवण सगळ्यांना द्यायची आणि ‘भरला असेल तर आभार’ म्हणायचं. प्रत्येक खेपेला आलेल्या फॉर्मवर वेगळ्या रंगाचा ठिपका लावा. तिसऱ्या आठवणीनंतर आलेले लोक न भरणाऱ्यांच्या सगळ्यात जवळचे असतात. त्यांची उत्तरं पहिल्या आठवड्यातल्यांपेक्षा फार वेगळी असतील, तर जे आलेच नाहीत तेही वेगळे आहेत असं धरून चाला.

टप्पा ८: नोंद आणि वाचन

नोंद दोघांनी करावी, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने टाइप करावं. रिकामं उत्तर रिकामंच ठेवा, शून्य घालू नका. ‘सांगता येत नाही’ म्हणजे तीन नव्हे. उलट्या विधानाचा गुण म्हणजे सहा वजा खुणेचा आकडा.

एकेका विधानाची सरासरी काढून ‘३.४७’ असं लिहायची खोड सोडा. सहमत आणि पूर्ण सहमत यांच्यातलं अंतर फूटपट्टीवरचं नाही. एकेका विधानासाठी किती जणांनी काय निवडलं ते द्या, पाहिजे तर मध्यक द्या. पटण्याच्या आठ विधानांची मिळून बेरीज किंवा सरासरी मात्र चालते.

त्यानंतरचं खरं काम आडव्या-उभ्या तक्त्याचं. एका बाजूला पटतं / पटत नाही, दुसऱ्या बाजूला घेईन / घेणार नाही. ज्यांना पटतं पण जे घेणार नाहीत, त्यांचा कोपरा उघडा आणि जमणं-परवडणं तिथे बघा. हाच तक्ता कायम आणि गेस्ट यांच्यासाठी वेगळा करा. ज्या चौकोनात पाचांपेक्षा कमी माणसं येतील तो छापू नका, शेजारच्यात मिळवा.

तपासा: अहवालाच्या पहिल्याच पानावर यादीत किती, फॉर्म दिले किती, परत आले किती, बाद किती आणि का, हे गटवार लिहिलंय का? टक्केवारी देताना शेजारी संख्या आहे का? अकरापैकी आठ जणांना ‘७३ टक्के’ म्हणू नका, ‘अकरापैकी आठ’ म्हणा.

टप्पा ९: परत करणं

ज्यांनी भरलं त्यांना निकाल दाखवा. एका पानाचा गोषवारा मराठीत आणि कन्नडमध्ये करा, आणि प्राचार्यांकडे द्याल त्याच दिवशी स्टाफरूमच्या फळ्यावर लावा. मोकळ्या प्रश्नाची उत्तरं उद्धृत करताना ओळख पटेल असं काही नको. हस्ताक्षर सगळ्यांच्या ओळखीचं असतं, म्हणून मूळ कागदाचा फोटो टाकू नका. कागदी फॉर्म कधी फाडणार ती तारीख संमतीच्या ओळींत लिहिली असेल, तर त्या तारखेला फाडा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचं असेल तर पटण्याची आठ विधानं शब्दही न बदलता जपून ठेवा, दोन्ही भाषांत.